इलेक्ट्रॉन किती वेळ थांबतो

एक व्होल्ट विद्युत्‌दाबातून खेचला गेलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ५९३ किलोमीटर वेगाने धावत असतो. वाटेत आलेल्या वायूच्या अणूची रुंदी ०.३ नॅनोमीटरच्या आसपास धरली, तर तो अणू ओलांडायला त्याला अर्धा फेम्टोसेकंद पुरतो. एका सेकंदाचे वीस कोटी कोटी भाग करावेत आणि त्यांतला एक उचलावा, इतका हा वेळ लहान आहे. तरीही ट्यूबलाइटचा उजेड, ध्रुवप्रदेशांच्या आकाशात झुलणारे रंग, पोलाद कापणारा लेसर आणि किरणोत्सर्गाने सजीवांच्या पेशींना होणारी इजा यांच्या मुळाशी जाऊ लागले की माणूस याच एवढ्याशा भेटीपाशी येऊन ठेपतो. एका बाजूला एखादा अणू किंवा रेणू असतो, दुसऱ्या बाजूला त्याच्याजवळून जाणारा एकटा इलेक्ट्रॉन असतो, आणि आजूबाजूचा वायू इतका विरळ असतो की या दोघांच्या व्यवहारात तिसऱ्या कोणाची लुडबूड होत नाही.

या विषयाच्या सहवासात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या क्षेत्रातली रोजची भाषा ऊर्जेची आणि कोनांची असते: इलेक्ट्रॉन किती ऊर्जा घेऊन आला, किती घालवून गेला, कोणत्या दिशेला वळला. ती भाषा आवश्यक आहे आणि तिच्यावाचून काहीच मोजता येत नाही. पण जितके अधिक आलेख मी पाहिले, तितके मला वाटू लागले की त्या सगळ्यांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे, आणि तो म्हणजे इलेक्ट्रॉन अणूपाशी किती वेळ थांबला. तो थांबलाच नाही तर एक गोष्ट घडते, क्षणभर रेंगाळला तर दुसरी, आणि मुक्कामाला राहिला तर तिसरीच. या विषयातले जे जे मला सुंदर वाटते, ते या एका प्रश्नाच्या धाग्यात ओवता येते.

आधी न थांबण्याची गोष्ट घेऊ. आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३,००० पट जड असतो. त्र्याहत्तर किलो वजनाच्या माणसावर एक ग्रॅमचा मणी आपटावा, तसा हा प्रकार आहे. मणी उसळून कोणत्याही दिशेला जाईल, पण माणसाला तो हलवू शकणार नाही आणि म्हणून स्वतःची ऊर्जाही फारशी गमावणार नाही. अशा साध्या, स्थितिस्थापक टक्करीत इलेक्ट्रॉन सरासरीने आपल्या ऊर्जेच्या छत्तीस हजारांत एक भाग एवढाच अणूला देतो. याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. ट्यूबलाइटच्या काचेला हात लावला तर ती फार तर कोमट लागते, कारण आतला वायू खोलीच्या तापमानाहून थोडाच अधिक तापलेला असतो. त्याच वायूतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा मात्र दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते (एक व्होल्ट दाबातून खेचला गेल्यावर इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट), आणि तापमानाच्या हिशेबात ती दहा हजार केल्व्हिनच्या वर जाते. एकाच नळीत, एकाच वेळी, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा तप्त असा इलेक्ट्रॉनांचा समुदाय आणि कोमट अणूंचा समुदाय एकमेकांत मिसळून राहू शकतात, कारण त्यांच्या बहुतेक भेटींत देवाणघेवाण जवळपास होतच नाही.

मग देवाणघेवाण होते कधी? १९१४ साली जेम्स फ्रांक आणि गुस्ताव हर्ट्झ यांनी बर्लिनमध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा त्यांना आढळले की ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर कितीही वेळा आपटले तरी आपली ऊर्जा राखून असतात, आणि तेवढी ऊर्जा गाठताच ती एकदम, सगळीच्या सगळी, देऊन टाकतात. आपण पाऱ्याचे आयनीकरण, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन पार बाहेर पडणे, मोजत आहोत, असा त्या दोघांचा समज होता. प्रत्यक्षात पाऱ्यातला इलेक्ट्रॉन अणूबाहेर काढायला १०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि त्यांनी पकडलेली पायरी अणूच्या आतली होती. नील्स बोर यांनी १९१५ मध्ये हे दाखवून दिले. त्याच प्रयोगात वाफेतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बाहेर पडताना दिसला होता, आणि त्याच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा बरोबर ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. अणूमध्ये ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात, हे त्याआधी वर्णपटावरून ताडलेले होते; आता इलेक्ट्रॉनने त्या पायऱ्या चाचपून दाखवल्या. १९२५ सालचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले.

हा प्रयोग निऑन भरलेल्या नळीत करून पाहिला तर ती पायरी डोळ्यांना दिसते, आणि ज्याला शक्य असेल त्याने ते दृश्य एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते. खोलीत अंधार करून व्होल्टेजची खुंटी अगदी सावकाश फिरवत न्यावी. सुरुवातीला नळीत काहीच दिसत नाही, प्रवाहाचा काटा तेवढा वर सरकत असतो. मग धन बाजूच्या जाळीला अगदी चिकटून एक पातळ, नारिंगी-तांबडा थर उमटतो आणि नेमका त्याच वेळी काटा खाली यायला लागतो. खुंटी आणखी फिरवली की तो थर जाळी सोडून, इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या तापलेल्या तारेच्या दिशेने सरकतो, काटा पुन्हा चढतो, आणि अठरा-एकोणीस व्होल्टांची भर पडली की जाळीपाशी दुसरा थर उभा राहतो. दोन थरांच्या मध्ये काळोखाची स्वच्छ पट्टी असते. तिथले इलेक्ट्रॉन नुकतेच रिकामे झालेले असतात आणि पुढच्या पायरीपुरती ऊर्जा नव्याने गोळा करत असतात. पुंजयामिकीतली (क्वांटम मेकॅनिक्समधली) पायरी इतक्या उघडपणे, काचेपलीकडे दोन बोटांवर, मांडून ठेवलेली मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

ट्यूबलाइटमध्येही तोच ४.९ चा आकडा काम करतो. नळीत आर्गॉनच्या मानाने पाऱ्याची वाफ नाममात्र असते, पण आर्गॉनची पहिली पायरी साडेअकरा इलेक्ट्रॉन-व्होल्टवर असल्याने इलेक्ट्रॉन आर्गॉनशी असंख्य वेळा भिडूनही त्याला काही देऊ शकत नाहीत, आणि अधूनमधून भेटणारा पाऱ्याचा अणू मात्र त्यांची ऊर्जा घेऊन जातो. नळीला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज याच मार्गाने २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात उतरते आणि काचेच्या आतला पांढरा लेप तिचे दृश्य उजेडात रूपांतर करतो.

आता मला ज्या प्रयोगापाशी नेहमी अधिक वेळ थांबावेसे वाटते, तिकडे वळतो. १९२१ साली डान्झिग येथे कार्ल रामसाउअर यांनी मंद इलेक्ट्रॉन आर्गॉनमधून पाठवून त्यांतले किती वळतात ते मोजले. अशा मोजमापाचे फळ काटछेदाच्या रूपात सांगतात, म्हणजे येणाऱ्या इलेक्ट्रॉनला अणू किती क्षेत्रफळाचा अडथळा वाटतो ते सांगतात. इलेक्ट्रॉन जितका मंद, तितका तो अधिक काळ अणूच्या प्रभावाखाली राहणार आणि तितका अधिक वळणार, ही कोणाचीही साहजिक अपेक्षा असते. तेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारास आर्गॉनचा काटछेद भरभक्कम असतो. तिथून ऊर्जा कमी करत गेल्यावर तो घसरू लागतो, आणि ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास कमाल काटछेदाचा पन्नासावा हिस्साही उरत नाही. त्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला आर्गॉन जवळजवळ पारदर्शक असतो. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये टाउनसेंड आणि बेली यांनी अगदी वेगळ्या पद्धतीने, वायूतून वाहत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या थव्याचा अभ्यास करून, हाच निष्कर्ष काढला, त्यामुळे उपकरणाचा दोष म्हणून तो बाजूला सारता येईना.

इलेक्ट्रॉनला कण मानले तर याचा अर्थ लागत नाही. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सव्वादोन नॅनोमीटरच्या घरात असते, म्हणजे तो येतो तो अणूपेक्षा कितीतरी पसरट तरंग म्हणून. जवळ येताना त्याच्या विद्युत्‌भाराने आर्गॉनचा इलेक्ट्रॉन-मेघ किंचित विस्थापित होतो, अणूचे ध्रुवीकरण होते, आणि त्यातून एक आकर्षण निर्माण होते. आकर्षणाच्या क्षेत्रात तरंग आखडतो, त्याची कला, म्हणजे त्याच्या चढ-उतारांची जागा, पुढे सरकते. एका ठरावीक ऊर्जेला ती नेमकी अर्ध्या तरंगाच्या पूर्ण पटीत सरकते, आणि मग अणूच्या बाहेर पडल्यावर तो तरंग असा जुळतो की जणू वाटेत काही नव्हतेच. अणूने त्याला ओढले, तरंगाचा आतला भाग पार बदलला, आणि बाहेर मात्र त्याचा मागमूस उरला नाही. क्रिप्टॉन आणि झेनॉनमध्येही असेच घडते. हेलियम आणि निऑनमध्ये घडत नाही, कारण त्यांचे मेघ घट्ट असतात, सहजी विस्थापित होत नाहीत आणि आकर्षण पुरेसे पडत नाही.

मला या गोष्टीतला काळाचा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. रामसाउअर यांचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा पदार्थाचे कण तरंगही असतात ही द ब्रॉय यांची कल्पना अजून मांडली गेलेली नव्हती. इलेक्ट्रॉनच्या तरंगस्वरूपाचा पुरावा म्हणून आपण १९२७ सालचा, निकेलच्या स्फटिकावरचा डेव्हिसन आणि जर्मर यांचा प्रयोग शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण तरंग त्याच्या आधीच, वायूच्या एका साध्या मोजमापात, येऊन बसलेला होता. वॉल्टर एल्सासर या तरुण भौतिकीज्ञाने १९२५ मध्येच एका छोट्या टिपणात, रामसाउअर यांचे निरीक्षण द ब्रॉय तरंगांचा पुरावा असू शकेल, असे सुचवलेही होते. शिकवताना ही कडी गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

इतके मंद इलेक्ट्रॉन हाताळणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याविषयी थोडे सांगायलाच हवे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याला कधी जाणवत नाही, पण अर्ध्या गॉसच्या त्या क्षेत्रात एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन सात सेंटिमीटरपेक्षाही कमी त्रिज्येच्या वर्तुळात वळतो, आणि ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तर दोन सेंटिमीटरच्या. म्हणून निर्वात पेटीला म्यू-मेटलचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे, कवच घालतात, बाहेरून वेटोळ्यांनी उलट क्षेत्र देतात, आणि आतला एखादा स्क्रू चुंबकीय निघाला तर अख्खी जुळणी उस्कटून तो शोधतात. धातूच्या पृष्ठभागांवर साचणारे भार ही दुसरी डोकेदुखी असते. त्यासाठी पृष्ठभागांना काजळीचा किंवा ग्रॅफाइटचा थर देण्याची पद्धत आहे. एवढे करूनही, व्होल्टमीटरवर दिसणारी ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनची खरी ऊर्जा यांत काही दशांश व्होल्टांचा फरक राहतोच. तेव्हा दाद मागायची ती हेलियमकडे.

कारण हेलियमला स्वतःची एक अढळ खूण आहे. १९६३ साली जॉर्ज शुल्झ यांनी हेलियमवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून ऊर्जा अगदी बारीक पावलांनी वाढवत नेली, तेव्हा १९.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारास त्यांना गुळगुळीत वक्रात एक अरुंद, धारदार खळगा सापडला. पुढच्या अचूक मोजमापांनी त्याची जागा १९.३७ ठरवली. हेलियमची पहिली उत्तेजित पायरी १९.८२ वर आहे, म्हणजे खळगा तिच्याही खाली आहे, जिथे साध्या हिशेबाने काहीच घडायला नको. घडते ते असे: येणारा इलेक्ट्रॉन अणूतल्या एका इलेक्ट्रॉनला वर ढकलतो, त्या प्रयत्नात स्वतःची ऊर्जा इतकी खर्च करतो की त्याला बाहेर पडता येत नाही, आणि दोघेही वरच्या पातळीवर एकत्र अडकून राहतात. तीन इलेक्ट्रॉनांचा, ऋण भाराचा एक अल्पजीवी हेलियम तयार होतो. खळग्याची रुंदी ०.०११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, आणि रुंदीवरून आयुष्य काढायच्या नियमाने ते सहा शतांश पिकोसेकंद, म्हणजे ६० फेम्टोसेकंद भरते. ज्या अंतराला इलेक्ट्रॉनने क्षणार्धात ओलांडून जायचे, तिथे तो त्याच्या शेकडो पट वेळ राहिला. या घटनेला अनुस्पंदन (रेझोनन्स) म्हणतात. पहिल्यांदा तो खळगा कागदावर उमटताना पाहिला तेव्हा मला जे वाटले ते आजही वाटते: ऋण हेलियम बाटलीत भरून ठेवता येत नाही, पण त्याची सही इतकी स्वच्छ असते की जगभरच्या प्रयोगशाळा आपली ऊर्जेची मोजपट्टी तिच्यावरून लावतात.

रेणूंमध्ये हे रेंगाळणे अधिक अर्थपूर्ण होते, कारण रेणूला हलणारी अणुकेंद्रे असतात. नायट्रोजनच्या रेणूवर दोन-सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन येतो तेव्हा त्याच्या फिरण्यामुळे तयार झालेल्या केंद्रोत्सारी अडथळ्याच्या आत तो काही काळ कोंडला जातो. वस्तुमानांचा हिशेब पाहिला तर इतक्या हलक्या कणाने नायट्रोजनच्या जड केंद्रांना कंप पावायला लावणे जवळपास अशक्य असायला हवे. परंतु कोंडलेला इलेक्ट्रॉन दोन अणूंमधला बंध सैल करतो, केंद्रे एकमेकांपासून दूर सरकू लागतात, आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन निघून गेला की ती मधल्या अवस्थेत सापडतात व रेणू कंप पावत राहतो. १.७ ते ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात या कंपनाच्या उत्तेजनाचा आलेख काढला की एकापुढे एक शिखरे दिसतात, आणि विशेष म्हणजे कंपनाची वेगवेगळी पातळी मोजली तर शिखरांच्या जागा सरकतात. इलेक्ट्रॉन दीर्घकाळ राहिला असता तर त्या सरकल्या नसत्या, आणि लगेच निघून गेला असता तर शिखरेच उमटली नसती. १९७१ मध्ये बर्टव्हिसल आणि हर्झेनबर्ग यांनी याचा उलगडा केला: इलेक्ट्रॉनचा मुक्काम रेणूच्या सुमारे एका कंपनाइतका असतो, केंद्रांचा तरंग एकदा बाहेर जाऊन परत येतो आणि परतलेला तरंग निघणाऱ्या तरंगात मिसळतो. फेकल्यावर परत येणाऱ्या बूमरँगचे नाव त्या प्रतिकृतीला मिळाले. थांबण्याचा काळ कंपनाच्या काळाशी योगायोगाने जुळल्यामुळे दोन्ही घड्याळांची एकमेकांशी पडताळणी होते, आणि अशी संधी निसर्ग क्वचित देतो.

याच कंपनाचा मोठा व्यावहारिक लाभ झाला. चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला, तेव्हा त्यात नायट्रोजन मिसळल्याने त्याची शक्ती वाढते असे दिसून आले. विद्युत्‌विसर्गातले इलेक्ट्रॉन नायट्रोजनला कंपित करतात. एकसारख्या दोन अणूंचा तो रेणू ही ऊर्जा प्रकाशरूपाने सहज टाकू शकत नाही. आणि तिचे मोजमाप कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाशी इतके जुळते की दोन रेणूंच्या टक्करीत ती जवळपास पूर्ण त्याच्याकडे जाते. पुढे १०.६ मायक्रोमीटरचा अवरक्त झोत बाहेर पडतो, जो आज कारखान्यांत धातू कापतो आणि रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो.

आणखी थांबले की बंध तुटतात. इलेक्ट्रॉन रेणूला चिकटतो आणि तो पुन्हा सुटण्याआधीच रेणूचे दोन तुकडे होतात, त्यातला एक ऋण भार घेऊन जातो. ऑक्सिजनच्या बाबतीत हे ६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास सर्वांत जोरात घडते. सल्फर हेक्झाफ्लुओराइड मात्र जवळजवळ शून्य ऊर्जेचा इलेक्ट्रॉनही गिळतो, त्याची ऊर्जा आपल्या अनेक कंपनांत वाटून टाकतो आणि त्याला मायक्रोसेकंद व त्याहूनही अधिक काळ धरून ठेवतो. उच्च दाबाच्या विद्युत् उपकरणांत ठिणगी पडू नये म्हणून हा वायू भरतात तो याच गुणासाठी: ठिणगीला लागणारे मोकळे इलेक्ट्रॉन तो गोळा करून घेतो. पृथ्वीचे तापमान वाढवण्यातही हा वायू फार प्रबळ आहे, त्यामुळे त्याला पर्याय शोधताना संशोधकांना नव्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन-टक्करींचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत आहेत.

२००० साली कॅनडातल्या शेरब्रुक येथे लिओं सांश यांच्या गटाने डीएनएच्या पातळ थरांवर ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडून दाखवले की आयनीकरणाला अपुरी पडणारी ऊर्जाही डीएनएचे धागे तोडू शकते, आणि तुटण्याचे प्रमाण ऊर्जेनुसार शिखरे दाखवत बदलते. शिखरे आहेत म्हणजे अनुस्पंदन आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण शरीरातून जाताना हजारो मंद इलेक्ट्रॉन मागे सोडतात, आणि तोवर त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नव्हते. डीएनए हा गुंतागुंतीचा रेणू. त्यात नेमके कुठे काय होते हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून थायमिन, युरासिल असे त्याचे आणि त्याच्या नातलगांचे घटक वाफेच्या रूपात एकेकटे तपासले गेले, आणि असे आढळले की एकाच रेणूतल्या दोन वेगळ्या जागांपैकी कोणत्या जागेचा हायड्रोजन सुटणार हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून ठरते. एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळपास एक बंध तुटतो, आणि थोडी ऊर्जा वाढवली की दुसरा. वायूतली मोजमापे जिवंत पेशीपासून फार दूरची आहेत, अशी शंका काढली जाते आणि ती खरीही आहे. पण गर्दीत काय होते हे कळण्यासाठी एकट्याचे वर्तन आधी माहीत असावे लागते, आणि हे काम वायूशिवाय दुसरीकडे कुठेही इतक्या नेमकेपणाने होत नाही.

आकाशात याच भेटी फार मोठ्या पटावर चालतात. ध्रुवप्रकाशातला ६३० नॅनोमीटरचा तांबडा रंग ऑक्सिजनच्या ज्या पातळीतून येतो तिचे आयुष्य शंभर सेकंदांहून अधिक असते. इलेक्ट्रॉनने धक्का दिला तो फेम्टोसेकंदाच्या हिशेबात, आणि अणू प्रकाश देणार तो जवळपास दोन मिनिटांनी. मधल्या काळात दुसरा अणू आपटला तर ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून हा तांबडा रंग सुमारे दोनशे किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेतच टिकतो. रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी होते तेव्हा त्याच्या अतिनील उपकरणाला केंद्राच्या अगदी जवळ हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा जो प्रकाश दिसला, त्याचे कारणही पाणी व कार्बन डायऑक्साइडचे रेणू फोडणारे इलेक्ट्रॉनच होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. असे निष्कर्ष काढता आले ते कुणीतरी प्रयोगशाळेत बसून त्या रेणूंचे काटछेद मोजून ठेवले होते म्हणून.

आयनीकरण, म्हणजे येणाऱ्या इलेक्ट्रॉनने अणूतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढणे, हा त्यातला सर्वांत अवघड प्रश्न. शेवटी दोन इलेक्ट्रॉन आणि एक आयन उरतात, तिघेही एकमेकांना कितीही अंतरावरून ओढत किंवा ढकलत राहतात, आणि टक्कर संपली असे नेमके कधी म्हणावे हेच ठरत नाही. ऊर्जा उंबरठ्याच्या, म्हणजे आयनीकरणाला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या, अगदी थोडी वर असेल तर दोघे अतिशय सावकाश निघतात. त्यांतला एक जरा पुढे गेला तर मागे राहिलेला आयनाकडे परत पडतो. दोघेही सुटायचे तर त्यांनी विरुद्ध दिशांना, जवळजवळ समान अंतर राखून, बराच काळ जायला हवे. ग्रेगरी वॅनिअर यांनी १९५३ मध्ये या विचारावरून भाकीत केले की उंबरठ्याच्या वर आयनीकरण ऊर्जेच्या १.१२७ व्या घाताने वाढेल. मँचेस्टरमध्ये १९७४ साली स्वेयानोविच आणि रीड यांनी हेलियमवर मोजून तो घात १.१३१ मिळवला, आणि त्यातली अनिश्चितता पाहता हा मेळ उत्तम होता. हायड्रोजनच्या, म्हणजे सर्वांत साध्या अणूच्या, आयनीकरणाचे उत्तर समीकरणापासून थेट काढायला मात्र महासंगणक लागले. १९९९ च्या अखेरीस रेसिग्नो, मॅककर्डी आणि त्यांचे सहकारी यांनी ते प्रसिद्ध केले. पुंजयामिकीचे समीकरण १९२६ पासून सर्वांच्या समोर होते.

थांबण्याच्या काळाला गणिती रूप दिले ते युजीन विग्नर यांनी, १९५५ मध्ये. तरंगाची कला ऊर्जेनुसार किती वेगाने बदलते, यावरून इलेक्ट्रॉन किती उशिरा बाहेर पडला ते मिळते: कला झपाट्याने चढत असेल तर तो थांबला आहे, सपाट असेल तर सरळ निघून गेला आहे. अनेक दशके हा उशीर कागदावरच काढला जात असे. २०१० मध्ये गार्खिंग येथे निऑनवर अटोसेकंद (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) प्रकाशस्पंदांचा मारा करून, दोन वेगळ्या पातळ्यांतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये सुमारे २१ अटोसेकंदांचा फरक असल्याचे मोजले गेले. सिद्धांताने दिलेला फरक याहून बराच कमी होता, आणि हा वाद काही वर्षे चालला. २०१७ मध्ये लुंड येथील गटाने दाखवले की एका इलेक्ट्रॉनबरोबर दुसराही वर ढकलला जातो, आणि त्या वेगळ्या घटनेचे इलेक्ट्रॉन आधीच्या मोजमापात मिसळलेले असावेत. ते वेगळे काढले की सिद्धांत आणि प्रयोग जुळतात. २०२० मध्ये नायट्रोजनच्या रेणूतून बाहेर पडताना अनुस्पंदनात अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा उशीरही असाच मोजला गेला. या सगळ्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन आतून बाहेर येतो, त्यामुळे ती अर्धी टक्कर आहे असे म्हणता येईल. तिथे प्रकाशाचा स्पंद घड्याळ सुरू करून देतो. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या झोतात कोणता इलेक्ट्रॉन नेमका केव्हा अणूपाशी पोचला, हे फेम्टोसेकंदाच्याही खालच्या अचूकतेने कळण्याची सोय नसते, आणि म्हणून पूर्ण टक्करीतला मुक्काम शुल्झ यांच्या वेळेप्रमाणेच वक्रातल्या खळग्याच्या रुंदीवरून वाचावा लागतो.